सतरा वर्षांनंतर पुन्हा हँडलवर: लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४ (४१,३१२ किमी)

सतरा वर्षांच्या खंडानंतर माझ्याकडे पुन्हा मोटारसायकल आली आहे, आणि तिच्यावर होणारे प्रत्येक काम तारखेसह लिहून ठेवायचे मी ठरवले आहे. गाडी २०१२ सालची, ६४५ सीसीची, व्ही आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरांची, चेनवर चालणारी आणि एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली आहे. आधीच्या मालकाने शेवटची तीन वर्षे ती फारशी बाहेर काढलेली नव्हती. मे महिन्यात मुलीला मागे बसवून आठ दिवसांचा, सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास करायचा आहे, म्हणजे हाताशी चार महिने आहेत.

गाडी येण्याआधीच मी तिला लावायच्या वस्तूंची यादी केली होती, आणि तीत वारा अडवणारी उंच काच, सामानाच्या तीन पेट्या, जादा दिवे, गरम होणाऱ्या मुठी, फोनचा स्टँड असे करत चौदा वस्तू जमल्या होत्या. आज विजेरी घेऊन गाडीभोवती दोन तास फिरल्यावर ती यादी मी बाजूला ठेवली. मागच्या टायरच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे १४१५ असे आहेत, म्हणजे हा टायर २०१५ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण नख रोवले तरी रबरावर ठसा उमटत नाही आणि कडेला केसासारख्या भेगा दिसतात. पुढच्या ब्रेकचे ऑइल चहासारखे काळपट झाले आहे. चेन एका जागी सैल तर दुसऱ्या जागी घट्ट लागते. पुढच्या दिव्याच्या मागे कोणीतरी वायरी पिळून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. जे मुळात गाडीवर आहे ते धड झाल्याशिवाय नवीन काहीही लावायचे नाही, असा नियम मी आजपासून घालून घेतला आहे.

१४ जानेवारी

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले. ऑइल १०डब्ल्यू-४० दर्जाचे, आणि डब्यावर जासो एमए२ ही, मोटारसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण पाहूनच घेतले. या गाडीचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे ऑइल घातले तर क्लचच्या चकत्या घसरू लागतात. कूलंटही बदलले. बॅटरी रात्रभर चार्ज करून, मग काही तास तशीच ठेवून मोजली तेव्हा १२.७ व्होल्ट भरली. ती सध्या तरी चालेल.

२० जानेवारी

आजचा पूर्ण दिवस ब्रेकमध्ये गेला, आणि तो तसा गेला याचे मला समाधान आहे. डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी ते मानकात बसते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत राहिल्यास कॅलिपरमधले (चकतीवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागातले) जुने ऑइल उकळते, त्याची वाफ होते, आणि ऑइल दाबले जात नसले तरी वाफ दाबली जात असल्यामुळे लिव्हर थेट मुठीला टेकतो. गाडी सपाट रस्त्यावर चालवून पाहणाऱ्याला या दोषाचा पत्ताच लागत नाही.

पॅड काढल्यावर कॅलिपरचे पिस्टन तपासले. पॅड झिजत जातात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या उघड्या भागावर काळा थर बसतो. तो पुसल्याशिवाय पिस्टन आत ढकलले तर तीच घाण रबरी सीलमध्ये जाते आणि पिस्टन अडकू लागतात. मऊ ब्रश, ब्रेक क्लीनर आणि चिंधीची लांब पट्टी यांनी चारही पिस्टन चकचकीत केले, आणि रबरासाठी असलेले ग्रीस अगदी नावापुरते लावून ते हातानेच आत सरकवले. मग ब्लीडरला (ऑइल बाहेर सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी जोडून जुने ऑइल काढायला सुरुवात केली. लिव्हर दाबायचा, ब्लीडर पाव फेरा उघडायचा, बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा हा क्रम एकदा जरी चुकला तरी हवा आत शिरते. माझ्याकडून तो दोनदा चुकला. लिव्हर स्पंजासारखा लागत होता आणि नळीत बुडबुडे तर दिसत नव्हते. शेवटी हवा वरच्या टोकाला, लिव्हरपाशी ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरला पाइप जोडणाऱ्या बोल्टजवळ अडकलेली निघाली. हँडल डावी-उजवीकडे वळवत, पाइपवर हलक्या टिचक्या मारत आणि लिव्हर अगदी थोडा-थोडा हलवत राहिल्यावर ती ब्रेक ऑइलच्या डबीतून वर आली. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके पांघरले होते आणि शेजारी पाण्याची बादलीही ठेवली होती.

२८ जानेवारी

चेनचा निकाल लागला. या गाडीला ५२५ मापाची चेन लागते, तिच्या दोन पिनांमधील अंतर १५.८७५ मिमी असते, आणि म्हणून नव्या चेनच्या सलग २१ पिनांमधील अंतर ३१७.५ मिमी भरते. पुस्तिकेत दिलेली मर्यादा ३१९.४ मिमी आहे आणि माझ्या चेनचे माप सर्वांत वाईट जागी ३२०.६ मिमी आले. मागच्या स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे) दातेही एका बाजूला झुकलेले आहेत. जुन्या दात्यांवर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते, म्हणून दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बदलली. शेवटची कडी रिव्हेटची घेतली.

चेन घट्ट करण्याविषयी मला जुन्या दिवसांतला एक चुकीचा समज सोडावा लागला. चेन जितकी ताणलेली तितकी चांगली असे मी मानत असे. पण पुढचे स्प्रॉकेट आणि मागच्या चाकाला धरणाऱ्या स्विंगआर्मची खीळ या दोन गोष्टी एका जागी नसतात, त्यामुळे गाडी खाली दबली की मागचे चाक पुढच्या स्प्रॉकेटपासून किंचित दूर जाते आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीवर टाइट बसवलेली चेन दोन माणसे आणि सामान चढल्यावर इतकी ताणते की गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर भार पडतो. पुस्तिकेप्रमाणे २० ते ३० मिमी सैलपणा हवा आहे. चाक फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधली, तिथे २५ मिमी ठेवले, आणि मागच्या ॲक्सलचा नट १०० न्यूटन-मीटरला आवळला.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते, कारण ती अनेक जण अजूनही करतात. गाडी मधल्या स्टँडवर चढवून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडके धरू नये. फडके चेनमध्ये ओढले जाते आणि बोटे त्याच्यामागून स्प्रॉकेटच्या दात्यांत जातात. चाक हाताने फिरवायचे आणि इंजिन बंदच ठेवायचे. साफसफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. तारेचा ब्रश चेनच्या रबरी कड्या फाडतो, आणि त्या फाटल्या की आतले ग्रीस निघून जाते.

३ फेब्रुवारी

दोन्ही टायर नवीन बसवले. पुढचे चाक काढलेलेच होते, म्हणून हँडलच्या बेअरिंगची परीक्षा करून घेतली. पुढचा भाग उचलून हँडल एका बोटाने मध्यातून हलवले तर ते सरळ स्थितीत हलक्या खाचेत बसल्यासारखे अडकत होते. वर्षानुवर्षे गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून गोळ्यांचे वळ त्याच जागी पडतात. तिथे निमुळत्या रोलरचे बेअरिंग घातले. आधीचे कडे काढण्याच्या कामात चार तास गेले, आणि शेवटी ते एका अनुभवी मिस्त्रींच्या हाती सोपवावे लागले. नव्या टायरवर पहिले दीडशे किलोमीटर वळणे सांभाळून घ्यायची आहेत.

१० फेब्रुवारी

व्हॉल्व्हचा क्लिअरन्स, म्हणजे इंजिनची झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यातली फट, मोजला. याची नोंद आधीच्या कागदांत कुठेही नव्हती. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेकला ०.१० ते ०.२० मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० ते ०.३० मिमी अंतर हवे. मागच्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.१८ मिमीवर निघाला. अंतर वाढलेला व्हॉल्व्ह खडखडाट करून आपली तक्रार सांगतो, पण अंतर कमी झालेला व्हॉल्व्ह अगदी शांत असतो. तो पूर्ण मिटत नाही, सीटला टेकून उष्णता सोडू शकत नाही, आणि हळूहळू जळतो. १.७५ मिमीच्या जागी १.७० मिमीची शिम (फट ठरवणारी पातळ चकती) घातली आणि अंतर ०.२३ मिमी आले. हे काम मिस्त्रींच्या देखरेखीखाली केले, पण फट मोजायचा फीलर गेज माझ्या हातात होता.

१७ फेब्रुवारी (४१,५४० किमी)

आज गाडीऐवजी माझी स्वतःची दुरुस्ती होती. रिकाम्या मैदानावर चार तास सराव केला.

मला मोटारसायकल थोरल्या भावाने शिकवली होती, आणि पुढची दहा वर्षे मी त्याच शिदोरीवर चालवली. १९८१ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. संकटाच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवले होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता. आज पहिल्या दहा थांब्यांत मी नेमके तेच केले. माझ्या जुन्या गाडीला मागे ड्रम ब्रेक होता, एबीएस नव्हते, आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की पडायला होते ही भीती पायात अजून शिल्लक आहे.

एबीएसमुळे ती भीती आता निराधार आहे, हे डोक्याला पटते. हाताला पटायला वेळ लागतो. त्यासाठी ताशी ३०, मग ४०, मग ५० किलोमीटर वेगावरून थांबण्याचा सराव केला. लिव्हर झटक्याने ओढायचा नाही. वजन पुढच्या चाकावर येईपर्यंत क्षणभर हलका दाब, आणि मग तो वाढवत न्यायचा. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश इतके मंदन साधले, तर ताशी ५० किलोमीटरवरून थांबायला सुमारे १२ मीटर लागतात आणि ताशी १०० वरून सुमारे ४९ मीटर. त्यात हात हलेपर्यंत गेलेल्या एका सेकंदाचे अनुक्रमे १४ आणि २८ मीटर मिळवायचे. तोंडाने हे आकडे मला आधीही सांगता आले असते, पण मैदानावर पावलांनी अंतर मोजल्यावर ते वेगळेच कळले.

दुसरा सराव वळणाचा होता. वेगात असताना डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. पूर्वी मी हे नकळत करत असणार, पण नकळत केलेली गोष्ट अडचणीच्या वेळी हुकमी येत नाही. शेवटी अर्धक्लचवर आठच्या आकड्याच्या फेऱ्या मारल्या. मान वळवून जिथे जायचे तिथे पाहिले की गाडी तिथे जाते, आणि पुढच्या चाकाकडे पाहिले की पाय टेकवावा लागतो.

जुने हेल्मेट आज टाकून दिले. ते २००५ सालचे होते आणि आतला फोम हाताला ठिसूळ लागत होता. नवे ईसीई २२.०६ या हेल्मेटच्या सुरक्षा मानकाचे, हनुवटीपर्यंत पूर्ण झाकणारे आहे.

२५ फेब्रुवारी

यादीतली पहिली वस्तू लावायची परवानगी मी आज स्वतःला दिली, आणि पहिल्याच दिवशी दोन चुका केल्या.

हँडल मला लांब पडत होते, म्हणून ते २५ मिमी उंच आणि थोडे मागे आणणारे ठोकळे बसवले. पाठीला लगेच आराम वाटला. अंगणातच इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवले, तर इंजिनच्या फेऱ्या आपोआप वाढल्या, कारण ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. वळताना हळू वेगात असे घडले असते तर गाडी हातातून निसटली असती. ठोकळे पुन्हा काढले, केबलचा मार्ग फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) आतून नेला, ब्रेकच्या पाइपची क्लिप सरकवली, आणि दोन्ही टोकांना हँडल पूर्ण वळवूनही फेऱ्या तिळभर हलत नाहीत याची खात्री झाल्यावरच काम पूर्ण मानले. हँडल उंच करणाऱ्या प्रत्येकाने ही परीक्षा करावी.

सीट उंच लागते, म्हणून मागच्या सस्पेन्शनच्या पट्ट्या बदलून गाडी खाली बसवण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही. नुसता मागचा भाग खाली आणल्याने वळण घेण्याची चपळाई कमी होते, जमिनीपासूनचे अंतर घटते, आणि साइड स्टँड लांब पडल्याने गाडी उभी राहायला पाहते. त्याऐवजी सीटचा पुढचा भाग अरुंद करून घेतला. पाय सरळ खाली जातात आणि दोन्ही चवडे टेकतात; तेवढे मला पुरते.

फोन चार्ज करण्याचा यूएसबी सॉकेटही घाईघाईत थेट बॅटरीला जोडला.

५ मार्च

गाडी सुरू होईना. नऊ दिवस ती उभी होती आणि बॅटरी १२.१ व्होल्टवर उतरली होती. सॉकेटची वायर मल्टिमीटरमधून नेली तर फोन जोडलेला नसतानाही २२ मिलिअँपिअर प्रवाह जाताना दिसला. दिवसाला अर्धा अँपिअर-तास, नऊ दिवसांत पावणेपाच, आणि माझी बॅटरी १० अँपिअर-तासांची आहे. दोष सॉकेटचा नाही; माझ्या जोडणीचा आहे.

१० मार्च

वायरिंग सगळे उपसले आणि कागदापासून सुरुवात केली. या गाडीचे जनित्र इंजिनच्या मिनिटाला ५,००० फेऱ्यांना ३७५ वॅट देते. पुढचे दोन्ही दिवे, इंधनाचा पंप, इंजेक्शन, इग्निशन आणि मागचा दिवा यांना मिळून माझ्या हिशेबाने २४० ते २५० वॅट लागतात, आणि रेडिएटरचा पंखा फिरू लागला की आणखी पन्नास-साठ. म्हणजे सामानासाठी सुरक्षित शिल्लक साठ-सत्तर वॅटचीच धरायला हवी, आणि इंजिन नुसते घुरघुरत असताना तर तेवढीही नाही. गरम मुठींना ३६ वॅट, फोनला १५, आणि दोन जादा दिव्यांना ३०. गरम होणारे जॅकेट एकटेच ७५ वॅट खाते, म्हणून ते यादीतून कायमचे गेले. दिवे ठेवले, पण मुठी पूर्ण आचेवर असतील आणि गाडी गर्दीत अडकली असेल तेव्हा ते बंद करायचे, ही अट घालून.

जोडणी आता रिलेमधून (विजेनेच चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) आहे. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या वायरला टोकापासून वीतभर अंतराच्या आतच १० अँपिअरचा फ्यूज आहे. फ्यूज असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. तो उपकरणापाशी लावला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली सगळी वायर उघडी पडते, आणि ती चौकटीवर घासून शॉर्ट झाली तर आगच लागते. तिथून १.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला, ८७ क्रमांकाच्या पिनेपासून छोट्या फ्यूजबॉक्सला, आणि ८५ व ८६ या पिनांपैकी एक मागच्या दिव्याच्या वायरीला तर दुसरी अर्थिंगला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला. किल्ली बंद केली की सामानाची सारी वीज आपोआप तुटते. मुठींना ५ अँपिअरचा, दिव्यांना ५ चा आणि सॉकेटला ३ चा फ्यूज दिला. आधीच्या मालकाचे पिळलेले सांधेही कापून काढले आणि तिथे दाबून बसवायची टर्मिनल आणि उष्णतेने आवळणारी नळी वापरली.

मोजमाप असे आले: सगळे चालू असताना ३,००० फेऱ्यांना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, आणि आयडलवर (इंजिन नुसते घुरघुरत असताना) १२.९. आयडलवर बॅटरी आपल्या साठ्यातून देते आहे, म्हणून हँडलजवळ लहान व्होल्टमीटर बसवला. हॅलोजनच्या मुख्य दिव्यात एलईडी बल्ब घालायचा विचार मात्र सोडला. परावर्तक हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आकाराचा प्रकाशस्रोत आला की झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

२३ मार्च

इंजिनच्या दोन्ही बाजूंना क्रॅश गार्ड बसवले. त्यांचे बोल्ट इंजिन धरणाऱ्या बोल्टांच्याच जागी जातात, म्हणून इंजिनखाली जॅक लावून एका वेळी एकच बोल्ट काढला. आटे बिघडू नयेत म्हणून सगळे आधी हाताने बसवले, मग टॉर्क रेंचने आवळले, आणि प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसेल.

फोनसाठी कंपने शोषणारा स्टँड घेतला आहे. ॲपलने २०२१ साली स्वतःच सांगितले होते की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींची कंपने कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला बाधू शकतात. मी नकाशासाठी जुना फोनच वापरणार आहे.

३१ मार्च (४२,३०५ किमी)

उंच काच लावून दोनशे किलोमीटर केले आणि डोके ठणकत घरी आले. ताशी ८० च्या पुढे हेल्मेट सारखे गदगदत होते. पायटांवर उभे राहून डोके दहा सेंटीमीटर वर नेले की तोच वारा शांत होत होता, म्हणजे काचेच्या कडेवरून सुटणारे भोवरे नेमके हेल्मेटवर आदळत होते. जुनी बुटकी काच परत लावली. ती धरणाऱ्या जागी १५ मिमीचे वॉशर घालून खालून हवेला वाट दिली, म्हणजे काचेमागची पोकळी भरून निघते. आता वारा छातीवर येत नाही आणि हेल्मेटला सरळ, न फाटलेला वारा लागतो. नवी काच मोठ्या हौसेने घेतली होती. ती विकायला काढली आहे.

कानात फोमचे बोळे घालण्याची सवय लावते आहे. हमरस्त्याच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि तो तासन्‌तास ऐकल्याने श्रवणशक्ती जाते. शिवाय बोळे घातल्याच्या दिवशी मी संध्याकाळी कितीतरी कमी दमलेली असते. प्रवासाच्या आरामासाठी यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा या दोन बोळ्यांचा उपयोग मला जास्त झाला आहे.

१३ एप्रिल

आज घाबरले. तिन्ही पेट्या भरून एकटीच निघाले होते. ताशी १०५ च्या सुमारास गाडीचा मागचा भाग सेकंदाला दोन-तीन या गतीने हेलकावे घेऊ लागला. हँडल घट्ट धरून त्याच्याशी झगडू नये आणि जोरात ब्रेक दाबू नये, एवढे मला माहीत होते. पकड सैल केली, ॲक्सिलरेटर हळू सोडला, आणि ९० च्या खाली हेलकावे विरले.

घरी येऊन वजनकाटा काढला. मागच्या पेटीत ११ किलो सामान होते, आणि तिच्या झाकणाच्या आत छापलेली मर्यादा ५ किलो आहे. ती पेटी मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि उंचावर आहे, त्यामुळे तिथले प्रत्येक किलो पुढच्या चाकावरचा भार हलका करते. पूर्ण वजनाचा हिशेबही मांडला. पुस्तिकेप्रमाणे एकूण अनुज्ञेय वजन ४१५ किलो, इंधन भरलेली गाडी २१५ किलो, म्हणजे २०० किलो हातात. सर्व साजासह मी ७४, मुलगी ६१, गार्ड, रॅक आणि रिकाम्या पेट्या ३१. सामानासाठी ३४ किलो उरतात. ओढण्याची शक्ती इंजिनात कितीही असली तरी टायर, ब्रेक आणि चौकट या आकड्यालाच बांधलेले आहेत. पेट्या आणि रॅक यांचे स्वतःचे वजन मी आजवर हिशेबात धरलेच नव्हते.

हत्यारे, पाणी आणि जड वस्तू आता बाजूच्या पेट्यांच्या तळाशी, दोन्हीकडे सारख्या वजनाने, चौकटीच्या शक्य तितक्या जवळ जातील. मागच्या पेटीत पावसाळी कपडे आणि हातमोजे एवढेच.

२१ एप्रिल

सस्पेन्शनची बैठक, म्हणजे भार पडल्यावर गाडी किती दबते ते, मोजली. फोर्कच्या नळीला प्लॅस्टिकची पट्टी बांधून ती किती सरकते ते पाहिले. एकूण १५० मिमीच्या प्रवासापैकी मी बसल्यावर पुढचा भाग ५२ मिमी दबत होता. प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवून तो ४५ मिमीवर आणला. मागे मुलीसह आणि सामानासह ६८ मिमी दबत होते, ते ५० मिमीवर आले. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त तिची सुरुवातीची जागा बदलते आणि गाडी योग्य उंचीवर परत येते. मागचा भाग फार दबला की हँडल हलके लागते आणि पुढच्या दिव्याचा झोत झाडांवर जातो. परवाच्या हेलकाव्यांत याचाही वाटा होता असे माझे मत आहे. हवा पुढे ३३ पीएसआय, मागे जोडीने जाताना ४१. पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, दोघी मिळून जाऊन आलो. हेलकावे नाहीत.

२८ एप्रिल

जुन्या टायरला मुद्दाम खिळा ठोकून पंक्चर काढण्याचा सराव केला. ट्यूबलेस टायरमध्ये रबरी दोरी घालायला किती जोर लागतो, हे रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा कळू नये म्हणून. हवेचा छोटा पंप १५ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, त्यामुळे तो फ्यूजबॉक्सला न जोडता बॅटरीवरच्या वेगळ्या फ्यूज लावलेल्या जोडणीला लावायचा. पंपाचे वजन अर्धा किलोही नाही, तरी ते मी पेटीच्या हिशेबात धरले.

१९ मे (४५,१६० किमी)

आठ दिवस, २,३८७ किलोमीटर, एकही बिघाड नाही. एका लांब उतारावर पुढचा ब्रेक बराच वेळ वापरावा लागला आणि लिव्हर शेवटपर्यंत कडक राहिला. जानेवारीतला तो पूर्ण दिवस तेव्हा आठवला. दुसऱ्या दिवशी एक मोटार बाजूच्या रस्त्यावरून अचानक समोर आली आणि मी पुढचा ब्रेक आधी दाबला, पायाने घाई केली नाही.

आज गाडी धुऊन तपासली. रंगाच्या एकतीस रेघांपैकी दोन तुटलेल्या आहेत, दोन्ही डाव्या रॅकच्या खालच्या बोल्टांवरच्या. ते काढून, आटे पुसून, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावून पुन्हा आवळले. मागच्या ब्रेकचे पॅड २.१ मिमी उरले आहेत, नवे मागवले. चौदा वस्तूंच्या यादीतल्या सात गाडीवर आहेत, आणि बाकीच्यांपैकी एकीचीही आठवण प्रवासात आली नाही.

रोज मुक्कामाला पोहोचल्यावर, चेन गरम असतानाच तिला तेल देण्याचे काम तिसऱ्या दिवसापासून मुलीने आपणहून घेतले होते. त्यामुळे वहीत त्यापुढची मापे तिच्या अक्षरात आहेत. आजचे तिनेच लिहिले आहे: सर्वांत घट्ट जागी २७ मिमी, २१ पिना ३१७.८ मिमी, चेन ठीक.